वहिनीचं एक्स-रे मशीन आणि ओलं पोतं

माझी वहिनी कुणाला आवडायची नाही. मी तिचा दीर असून हे लिहितो आहे, पण तिला त्याचा राग येणार नाही. तिलाही फारसं कुणी आवडत नसे. भाऊ गेल्यावर त्याचं फिरतं एक्स-रे मशीन तिने चालवायला घेतलं. रीतसर परीक्षा दिली, परवाना काढला. फोटो माणसांचे नव्हेत, लोखंडाचे. टाक्यांचे आणि पाइपांचे वेल्डिंगचे जोड आतून धड आहेत का, ते त्यात दिसतं. मी गाडी चालवायचो आणि दोरी बांधून माणसं लांब ठेवायचो.

ज्याच्या जोडात खोट निघेल त्याला तो कापून पुन्हा करावा लागतो. म्हणून वेल्डर वहिनीला पाण्यात पाहायचे. त्यातून मशीन सारखं तापायचं. किरण सोडले की विश्रांती; मागच्या पंख्याने पोटातली उष्णता बाहेर टाकली की मगच पुढचे किरण. तेवढा वेळ आसपासची कामं बंद आणि शिव्या सुरू. कंट्रोलच्या पेटीत तापमान आपोआप नोंदलं जायचं. आकडा उतरल्याशिवाय पेटी बटण घ्यायची नाही.

एकदा एका मोठ्या टाकीचं काम मिळालं, आणि तिथे वेल्डर होता तिचा जावई. आमचं नशीब, दुसरं काय! सुरुवातीलाच तिने त्याचे जोड नापास केले.

तो सगळ्यांदेखत म्हणाला, “सासूबाई, मुलगी देताना पास केलंत, आता नापास?”

“तेव्हा आत काय आहे ते बघायला माझ्याकडे मशीन नव्हतं, जावईबापू.”

लोक खो-खो हसले. जावई हसला नाही.

पुढे त्याने दुरुस्त केलेल्या जोडांची तपासणी आली. पत्रा जाड, त्यामुळे एकाच फोटोसाठी थांबत थांबत पुन्हा पुन्हा किरण सोडावे लागत. मशीन टाकीच्या आत, आम्ही केबलच्या टोकाला पेटीपाशी बाहेर. सुपरवायझर येता-जाता घड्याळ दाखवत होता.

“झोपलं का तुमचं मशीन?” जावई म्हणाला. “आत माझा ग्राइंडर राहिलाय, तेवढा आणतो.”

वहिनीने पेटीची किल्ली काढून मुठीत धरली. “जा. कशाला हात लावायचा नाही.”

तो ग्राइंडर घेऊन बाहेर आला. थोड्याच वेळात तापमानाचा आकडा भराभर उतरला. वहिनी पेटीकडे बघत राहिली. “आज लवकर गार झालं,” ती म्हणाली आणि तिने किल्ली फिरवली. पुढच्या खेपेलाही तसंच झालं. मग पेटी एकदा केकाटली आणि मशीन बंद पडलं ते पडलंच.

आत जाऊन पाहिलं तर मशीनच्या पाठीवर, पंख्याच्या तोंडावर, ओलं पोतं. तापमान मोजणारा भाग पोत्याखाली गारेगार, पण हवा कोंडलेली, आणि किरण सोडणारी आतली नळी जळून गेलेली.

जावयाचं तोंड उतरलं. “ताप आला की पट्टी ठेवतात ना कपाळावर,” तो पुटपुटला. “लवकर आटपावं म्हणून केलं. मुद्दाम नाही.”

“पट्टी कपाळावर ठेवतात. तुम्ही नाकातोंडावर ठेवलीत.”

नवी नळी घ्यायची तिची ऐपत नव्हती, आणि नळी नाही म्हणजे धंदा बंद. एकच आशा होती. नळी अलीकडेच बसवलेली, तिची हमी शिल्लक होती.

संध्याकाळी मुलगी आली. उभ्या उभ्याच म्हणाली, “आई, पोत्याचं कुठे बोलू नकोस. त्यांना कामावरून काढतील, आणि तुझी हमीही जाईल. गप्प बसलीस तर तुझंही भलं, आमचंही.”

वहिनी भांडी विसळत राहिली. मला वाटलं, ऐकेल. मला माणसं कळत नाहीत, हे खरं.

मशीन बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर साइटवर आला. त्याने पेटीतली नोंद लॅपटॉपवर काढून पाहिली. “तापमान एकदाही मर्यादेबाहेर गेलेलं नाही. विश्रांतीही नियमाप्रमाणे. नळीतच दोष असणार. बदलून देऊ.”

माझा जीव भांड्यात पडला. जावयाचाही पडला असणार, कारण तो पहिल्यांदाच सासूकडे बघून हसला.

“नोंद चुकीची आहे,” वहिनी म्हणाली. “मशीनवर ओलं पोतं होतं. ह्यांनी घातलं.” आणि तिने बोट दाखवलं.

इंजिनिअरने लॅपटॉप मिटला. नळी मिळाली नाही. जावयाला सुपरवायझरने तिथल्या तिथे घरी पाठवलं. जाताना तो जे बोलला ते मला लिहवत नाही.

गाडीत सामान भरताना मी भीत भीत म्हणालो, “वहिनी, हे आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन झालं. तुम्हाला खरं बोलायचं होतं की त्याला बुडवायचं होतं?”

“दोन्ही एकाच वाक्यात होत होतं,” ती म्हणाली. “मी कशाला निवडत बसू?”

फाटकाशी मुलगी उभी होती. ती माझ्या खिडकीशी आली. “काका, तिला सांगा, माझ्या दारात पाऊल टाकायचं नाही.”

वहिनी माझ्या शेजारीच बसली होती.

“ऐकलं,” वहिनी म्हणाली. “गाडी काढा, भावोजी.”