जुबेदाचं नाव

बाळांनो, काल सोसायटीच्या मीटिंगमध्ये एका मुसलमान जोडप्याला भाड्याने फ्लॅट द्यायचा का, यावर चर्चा झाली. आमची कुसुम म्हणाली, "माझ्या मनात काही नाही हो. आपली जुबेदा माझी जिवलग मैत्रीण. पण आणखी ते लोक नकोत."

शेजारी बसलेल्या जुबेदाचा चेहरा उतरला. मैत्रिणीचं नाव असं दाखल्यासारखं पुढे केलं, की मैत्रीण अगदी एकटी पडते. आता या दोघींची जोडी तुटणार, या विचाराने मी धास्तावले.

जुबेदा म्हणाली, "कुसुम, ते लोक म्हणजे मीच की गं."

कुसुम पुटपुटली, "उद्या फिरायला येशील ना?"

"येईन. आधी त्यांच्यासाठी हात वर कर."

कुसुमचा हात वर गेला. मला एवढं हायसं वाटलं, की मी दोन्ही हात वर केले. सेक्रेटरी म्हणाले, "आजी, एका घराचं एकच मत!"