पिस्त्याची शेड

जगात हिरवे रंग किती आहेत हे देवालाही धड माहीत नसेल, पण माझ्या थोरल्या मामांना माहीत होतं. सुरतेतल्या आमच्या बमरोलीच्या अख्ख्या गल्लीचं हे मत होतं, आणि मामांचंही तेच होतं. मामा साड्या रंगवणाऱ्या एका मिलमध्ये कलर मास्तर होते. कोवळ्या वयात ते धुळ्याकडून सुरतेला आले, रंगाच्या बादल्या उचलता उचलता मास्तर झाले, आणि तेव्हापासून त्यांच्या तोंडून नुसतं 'हिरवा' किंवा नुसतं 'लाल' कधी निघालं नाही. भाजीवालीला ते सांगायचे, कालच्या मेथीपेक्षा एक टोन गडद दे. मला पहिलं स्थळ सांगून आलं तेव्हा घरातले सगळे मुलाची नोकरी विचारत होते. मामा मात्र त्याच्याकडे बराच वेळ बघत बसले आणि मग सगळ्यांसमोर म्हणाले, "शर्ट आणि पँट एका लॉटचे वाटत नाहीत." ते स्थळ परत गेलं ते गेलंच. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली, आणि त्याचं थोडं श्रेय त्या पँटला आहे असं मला अजूनही वाटतं. पुढे मामा मला नावाने हाक मारेनासे झाले. 'ए कॉलेज, इकडे ये' अशी त्यांची हाक त्यांच्या आणि आमच्या खोलीमधल्या भिंतीतून यायची. ती हाक आता ऐकू येत नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे. नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही.

ट्यूबलाइट खोटं बोलते, हा मामांचा सिद्धांत होता. खरा रंग फक्त उन्हात दिसतो. मिलमध्ये ते प्रत्येक नमुना अंगणात नेऊन, उन्हात धरून पास किंवा फेल म्हणायचे, आणि घरी आल्यावरही ही सवय सुटत नसे. मामीच्या बांगड्या, माझी ओढणी, लग्नपत्रिका, सगळं आधी गच्चीवर जायचं. एकदा पाहुणे पानावर बसलेले असताना मामा आमटीची वाटी घेऊन वर गेले. हळद जास्त पडली आहे हे ठरवूनच ते खाली आले, तोवर पाहुण्यांचा भात गार झाला होता. दुसरे मास्तर जुळवायच्या रंगाची चिंधी खिशात ठेवत. मामांना त्याची लाज वाटायची. एकदा पाहिलेला रंग डोळ्यांत राहिला पाहिजे, म्हणायचे, खिशात नाही. आणि दुसरा अभिमान असा की त्यांनी चढवलेला रंग उडत नाही. याचा पुरावा म्हणजे मामीची पिस्ता रंगाची साडी. मास्तर झाल्यावर कोणाला न विचारता त्यांनी जुळवलेला तो पहिला रंग. मामीने ती जपून पेटीत ठेवली होती, इतकी जपून की आम्ही कोणी ती पाहिलीच नव्हती. पुराव्याचं वर्णन मात्र पाठ होतं.

मग मिलमधून रंगवून गेलेल्या कापडाचे लॉट परत यायला लागले. व्यापारी म्हणायचे, रंग जुळत नाही. मामा म्हणायचे, पर्वत पाटियाच्या कापडबाजारात दुकानात बसून ट्यूबलाइटखाली कापड बघणाऱ्याला रंगातलं काय कळणार. मामीने एकदा हळूच मोतीबिंदूचं नाव काढलं. सुईत दोरा ओवता येत नाही, रस्त्यावरचा माणूस जवळ येईपर्यंत ओळखू येत नाही, तर एकदा डोळे दाखवावेत, एवढंच ती म्हणाली. मामा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. त्यांना डॉक्टरची भीती नव्हती. डोळे बिघडले म्हणजे परत आलेले ते सगळे लॉट खरंच बिघडलेले होते, हे त्यांना कबूल करावं लागलं असतं. शेवटी शेठने शाल दिली, नारळ दिला, "मास्तर, हवे आराम करो," म्हणजे आता आराम करा, असं गुजरातीत म्हणाला आणि केक कापला. पिस्त्याचा, थरांचा, फार नाजूक केक होता म्हणे. मामा आपला तुकडा कागदी बशीत घेऊन अंगणात गेले आणि उन्हात उभं राहून त्यांनी तो आधी पाहिला, मग खाल्ला. नोकरी गेली ती अशी, आणि घरी आल्यावर मामीला फक्त म्हणाले, तुझ्या साडीचा रंग खाऊन आलो.

त्या दिवसापासून आमच्या गल्लीत पिस्ते सोलले आणि वाटले जाऊ लागले. लग्नाच्या वाढदिवसाला असाच केक घरी करायचा आणि त्याचा रंग मामीच्या साडीशी जुळवायचा, असं मामांनी जाहीर केलं. साडी न बघता, अर्थातच. मामीने संधी साधून अट घातली: रंग चुकला तर डोळे दाखवायचे. मामा हसले आणि हो म्हणाले.

मोठ्या पातेल्यात मीठ पसरून, त्यावर कडं ठेवून ते केक भाजायचे. पिस्ते गरम पाण्यात भिजवायचे, सालं काढायचे, वाटायचे. भाजल्यावर पिस्त्याचा रंग मरतो याचा त्यांना इतका संताप आला की दोन दिवस ते पातेल्याकडेही बघत नव्हते. मग रंग क्रीममध्ये द्यायचं ठरलं. केकचे थर ते सुरीने कापत नसत. दोन्ही हातांत पॉलिस्टरचा धागा ताणून असा ओढायचे की थर साडीच्या घडीसारखा अलगद सुटायचा. दोन थरांमध्ये क्रीम आणि पिस्त्याचा भुगा. वर मेंदीच्या कोनाने काठ, मधे कोयरी, आणि एका बाजूला दाट नक्षी, तो पदर. पदराकडून केक कापायचा नाही, असा नियम होता. या सगळ्यात त्यांचा हात अजिबात चुकत नसे. फक्त रंग. ड्रॉपरने खायच्या हिरव्या रंगाचा एक थेंब टाकायचे, बघायचे, मान हलवायचे, आणखी एक टाकायचे. "अजून पिवळट आहे," म्हणायचे. आम्हाला तो पिवळट कुठेच दिसत नव्हता. सरावाचे ते केक खाऊन गल्लीतल्या पोरांच्या जिभा दिवसभर हिरव्या असायच्या, आणि शाळेत जाताना ती एकमेकांना जीभ काढून दाखवत जायची.

वाढदिवस मे महिन्यात. सुरतेच्या भर दुपारी मामांनी सजवलेला केक ताटात घेतला आणि ते गच्चीचा जिना चढू लागले, कारण पास-फेल उन्हाशिवाय होणार नव्हतं. मी छत्री घेऊन मागे धावले. मी केकवर छत्री धरली तर मामा ओरडले, छत्री बाजूला कर, तिचा रंग पडतो. ती गुलाबी होती. मी बाजूला केली आणि क्रीम घसरू लागलं. काठ सुटला, कोयरी लांब झाली, पदर ताटात उतरला. मामांना त्याचं काही नव्हतं. ते डोळे बारीक करून बघत होते.

"कॉलेज, सांग. पास?"

मी वाकून केककडे पाहिलं. तो हिरवा सिग्नलसारखा होता. पिस्ता सोडा, कुठल्याच झाडाला तसा रंग नसतो. तेवढ्यात मामी वर आली. तिने ती साडी नेसली होती. मी पहिल्यांदाच पाहिली. सोललेल्या पिस्त्याच्या आत असतो तसा शांत, फिका हिरवा. मामी केकशेजारी येऊन उभी राहिली.

शेजारी शेजारी आल्यावर मात्र मामांनाही दिसलं. त्यांनी साडीकडे पाहिलं, केककडे पाहिलं, पुन्हा साडीकडे पाहिलं. मान खाली गेली. मामी जिंकली होती. तिने फक्त बोलायचं होतं. तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि घरच्या अहिराणीत म्हणाली,

"साडीना रंग उडी गया व्हई. पेटीमा पडेल व्हती ना. केक बराबर शे."

मामांना किती सोपं होतं. साडीचा रंग उडाला असं मान्य केलं असतं तर डोळे शाबूत, लॉट शाबूत, सगळी वर्षं शाबूत. त्यांनी मामीचा पदर हातात घेतला आणि दोन बोटांत चोळला, मिलमध्ये कापड चोळतात तसा.

"मना रंग उडत नही," ते म्हणाले.

मग बऱ्याच वेळाने, तो केक चमच्याने ताटातूनच खाता खाता, डॉक्टर कुठे बसतो ते त्यांनी मामीला विचारलं.

ऑपरेशन झाल्यावर घरात पाऊल ठेवताच स्वयंपाकघराची भिंत बघून त्यांनी विचारलं, हा रंग कोणी पसंत केला. त्यांनीच केला होता. पुढचे काही दिवस ते गच्चीवर एकटेच बसायचे. एकदा मी चहा घेऊन गेले तर आपल्याशीच बोलावं तसं म्हणाले, तो गाजरी लॉट, तो व्यापारी खोटं बोलत नव्हता. मी कप ठेवला आणि तिथेच बसून राहिले. खाली गल्लीत टेम्पोतून साड्यांचे गठ्ठे उतरत होते.

आता मी वडोदऱ्याला शिकते, हॉस्टेलवर राहते. यंदाच्या वाढदिवसाला परीक्षा होती, जाता आलं नाही. मामीने फोनवर सांगितलं की केक झाला, रंग साडीशी इतका जुळला की पदर केकवर ठेवला तर कळणार नाही. मग जरा थांबून म्हणाली, पण मी त्यांना पहिल्यासारखा करायला सांगितला होता, तो हिरवागार. मामांनी म्हणे मन लावून प्रयत्न केला, रंगाची बाटली जवळजवळ संपवली, पण त्यांचा हात त्या हिरव्याच्या अलीकडेच थांबायचा. मागून मामांचा आवाज आला, "कॉलेजला सांग, ती शेड आता बसत नाही."

काल इथल्या एका बेकरीत पिस्त्याच्या केकचा तुकडा घेतला. थर नीट होते, चव चांगली होती. रंगही बरोबर होता, मी तो दाराबाहेर उन्हात नेऊन पाहिला. खोलीवर आल्यावर आरशासमोर उभी राहिले आणि गल्लीतल्या पोरांसारखी जीभ काढून बघितली. नेहमीसारखीच होती.