पोटभर रिजका

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? — ठाऊक नाही.

मी जनावरांचा डॉक्टर. मूळचा सांगलीचा, जयपुरात नोकरीला येऊन बरीच वर्षं झाली. सांगानेरकडच्या एका वस्तीत संतोषजी राहतात — इकडे संतोष हे बाईचंही नाव असतं. मूलबाळ नाही, आणि सासू ते विसरू देत नाही. त्यांची एकच गाय होती, धौळी. तिच्या दुधावर घर चालायचं.

मी सगळ्या गल्लीसमोर ऐटीत सांगितलं — कोरडा चारा बंद करा, रिजका द्या, पोटभर. रिजका म्हणजे आपला लसूणघास. इथे लोक पुण्यासाठी रस्त्यावरच्या गाईंना त्याच्या पेंढ्या घालतात, मग शंका कोण घेणार? दूध वाढलं. माझा भावही वधारला.

पण धौळी गाभण राहीना. रेतन करावं, की पुन्हा माजावर. कारण मला सुचलं नव्हतं का? — सुचलं होतं. पानांवर रोगाचे ठिपके पडले की लसूणघासात मादीच्या संप्रेरकासारखं द्रव्य वाढतं. नुसता तोच खाऊ घातला तर गाय उलटत राहते, गर्भ धरत नाही. तिच्या गव्हाणीतली ठिपक्यांची पानं मी हातात घेऊन पाहिली होती. 'काही दिवस रिजका थांबवा' — एवढंच म्हणायचं होतं. पण मग सल्ला कुणाचा, हेही निघालं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी म्हणालो, गाय वांझ आहे.

सासू ओसरीवरून म्हणाली, "जैसी मालकिन, वैसी गाय." संतोषजी गव्हाण झाडायला लागल्या. आणि मी? — मी चहा संपवला आणि निघालो.

भाकड गाय कोण पोसणार? तिला रस्त्यावर सोडलं. कुणी घातलेली एखादी पेंढी, बाकी उकिरड्यावरचं वाळलेलं, असं खात ती मोकाट वळूंच्या कळपात महिनोन्महिने हिंडली. मग ट्रकनं उडवली. शवविच्छेदन माझ्याकडेच आलं. वाकड्या शिंगावरून ओळखलं. पोट उघडलं — आत वासरू होतं. अंगावर केस आलेलं.

संतोषजी बाहेर उभ्या होत्या. कुणीतरी कळवलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "डॉक्टरसाब, पेट में कुछ था क्या?"

मला माझ्या अब्रूची भीती वाटली. "नहीं," मी म्हणालो. "कुछ नहीं था."

त्या घरी गेल्या — 'वांझ' हा माझा शब्द घेऊन. अजून त्याच घरात राहतात.