न विचारलेला तक्ता

प्रार्थना ओहोळ मूळची राहात्याची. लग्नानंतर सावेडीत आली आणि घरूनच काम करू लागली. तिचं काम कर्नलवर, म्हणजे संगणकाच्या तळाशी बसून सगळ्यांना मेमरी वाटून देणाऱ्या प्रोग्रामवर. कंपनी छोटी होती. एकेका मोठ्या मशीनवर पुष्कळ गिऱ्हाइकांची आभासी मशिनं, म्हणजे संगणकाच्या आत चालणारे संगणक, चालवून ती भाड्यानं द्यायची.

तिसगावच्या दूध संकलन केंद्राचा पावत्यांचा प्रोग्राम अशाच एका भाड्याच्या मशीनवर चालायचा. मे महिन्यात तिथल्या मच्छिंद्रचा फोन आला. "म्याडम, कंप्युटर हालंना झालाय. पावती निघत न्हाई आन् पावतीबिगर दूध टाकीत वतायचं न्हाई, असा संघाचा नियम हाय. तुमच्या हापिसातली मान्सं म्हन्त्यात, रीस्टार्ट करा."

तिला वाटलं, तिथलं इंटरनेट खराब असेल. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच गेली. इंटरनेट चांगलं चालत होतं. पडद्यावर नुसतं चक्र फिरत होतं आणि बाहेर उन्हात कॅनची रांग लागली होती. भागूबाई नावाच्या म्हातारीनं आपल्या कॅनचं झाकण उघडून हुंगलं आणि सगळं दूध गटारात ओतलं. माश्या घोंगावल्या. आंबट वास सुटला. प्रार्थना तिथंच लॅपटॉप उघडून बसली.

दोष कंपनीच्या मोठ्या मशीनवर निघाला. मेमरीचे छोटे तुकडे पाडलेले असतात, त्यांना पानं म्हणतात, आणि त्यांच्या नोंदीचा एक तक्ता असतो. प्रोसेसरनं एखाद्या पानाला हात लावला की त्या तक्त्यात खूण पडते. कर्नल अधूनमधून खुणा पुसतो आणि थोड्या वेळानं परत बघतो. खूण पुन्हा उमटली नसेल तर ते पान कुणी वापरत नाही असं धरून तो ते डिस्कवर टाकतो आणि जागा दुसऱ्याला देतो. पण आभासी मशीन आलं की तक्ते दोन होतात. आतल्या मशीननं पान वापरलं तर ते मोठ्या मशीनच्या स्वतःच्या तक्त्यात दिसत नाही, दुसऱ्या तक्त्यात बघावं लागतं. कंपनीच्या कर्नलमधून तो दुसरा तक्ता बघायचा भागच कुणीतरी काढून टाकला होता. त्यामुळे तिसगावचं मशीन जी पानं सतत वापरत होतं तीच 'निवांत' ठरून डिस्कवर जात होती, पुन्हा मागवली जात होती आणि पुन्हा जात होती.

तिनं तिथूनच वरिष्ठाला, हर्षलला, व्हिडिओ कॉल लावला. तो जेवत होता.

"मीच काढलं ते," तो म्हणाला. "आपली मशिनं जुनी आहेत. त्यांच्या दुसऱ्या तक्त्यात खूण पडायची सोयच नाही. पान वापरात आहे का हे बघायचं तर तक्त्यातली त्याची नोंदच उडवायची आणि आतलं मशीन अडखळतंय का याची वाट बघायची. सगळंच हळू होतं."

"मग अशा मशीनवर मेमरी काढून घेऊच नका."

"आणि नवी गिऱ्हाइकं कुठं बसवू? मोकळी मेमरी किती दिसते ते बघ की. वरचे खूश आहेत."

"सर, इथं लोक दूध गटारात ओततायत."

तो घास चावत हसला. "दूधवाल्यांना काय कळतंय? रीस्टार्ट करायला सांग."

त्याच्या ओठावरचा वरणाचा ओघळ बघून तिला किळस आली. चूक समजू शकते. पण या माणसाला सगळं माहीत होतं आणि तरी तो चवीनं जेवत होता.

फोन ठेवून तिनं मच्छिंद्रला सरळ सांगितलं, "बिघाड तुमच्याकडं नाही. आमच्याकडं आहे आणि तो मुद्दाम ठेवलाय. दुसरीकडं जा."

"व्हय?" तो तिच्याकडं बघतच राहिला. "मंग इतके दिस आमालाच का येड्यात काढत हुते?"

घरी येऊन तिनं दुरुस्ती लिहून पाठवली आणि तिच्यासोबत राजीनामाही. नवऱ्यानं फक्त विचारलं, "नक्की?" ती म्हणाली, "त्या माणसाचा आवाजसुद्धा नको वाटतो."

केंद्रानं आठवड्याभरात दुसऱ्या कंपनीचं मशीन घेतलं. पुढं एका मोठ्या गिऱ्हाइकानं ओरड केली, तेव्हा हर्षलनं तीच दुरुस्ती स्वतःच्या नावावर लावली. जुन्या सहकाऱ्यानं ते तिला कळवलं आणि भांडायचा सल्ला दिला.

"दुरुस्ती लागली ना? बास," तिनं त्याला सांगितलं. "त्याच्या नावाशेजारी माझं नाव नाही, हेच बरं आहे."