पास्कोलच्या वरातीचा बावटा

शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. माझी शाळा तिसरीत सुटली, त्यामुळे शब्दही साधेच येतील. पण ठाण्याच्या खाडीवर बावट्यांच्या चौकीत बसलं की किस्से साचतात, ओहोटीनंतर गाळ साचावा तसे.

चौकीत आम्ही तिघे. म्हातारे हवालदार धोंडूकाका, पास्कोल आणि मी. येणारं गलबत डोलकाठीवर रंगीत बावटे चढवून आपलं म्हणणं सांगतं. ते वाचून बंदराच्या साहेबांना कळवायचं. पास्कोल आणि मी दोघे उमेदवार, कायमची जागा एकच.

पहिल्याच दिवशी एका गलबताने तीन बावटे चढवले. पास्कोल लगेच म्हणाला, "पाणी संपलंय त्यांचं." मी अजून अर्थांची वही चाळत होतो. मला अर्थ सापडला तेव्हा पिंपं पोहोचलीसुद्धा होती. काका म्हणाले, "तू वाच सावकाश. तहान काय, थांबेल."

*

सरावासाठी मी घरी आईच्या खणाचे तुकडे करून दोरीवर टांगले. आईने विचारलं, पास्कोलच्या आईच्या चोळीचंही असंच गलबत झालंय का? पास्कोलला सराव लागत नाही, हे मी तिला सांगितलं नाही.

*

एकदा चौकीचे मळलेले बावटे धुऊन मी चौकीच्याच काठीवर वाळत घातले. कल्याणहून येणाऱ्या मचव्याच्या तांडेलाने भर खाडीत नांगर टाकला आणि ओरडून विचारलं, ह्या सगळ्याचा मिळून अर्थ काय? साहेब हसले, काका हसले. पास्कोल हसला नाही. त्याने गुपचूप बावटे उतरवून घड्या घातल्या. त्याचाच मला जास्त राग आला.

*

मग पास्कोलचं लग्न ठरलं. आदल्या दिवशी त्याचा भाऊ शोभेला जुने बावटे मागायला आला. मी काढून दिले.

वरात पलीकडून होडीने आली. वाजंत्री, छत्रीखाली नव्या कोटात पास्कोल, आणि डोलकाठीच्या टोकाला एकटा पिवळा बावटा. पटकीचे दिवस होते. साहेबांनी मला विचारलं, "काय म्हणते होडी?"

"आत साथीचा रोगी आहे, साहेब. कोणाला उतरू देऊ नका."

नियम तो नियम. डॉक्टर येईपर्यंत वरात खाडीत, नवरी चर्चच्या पायरीवर. साहेब म्हणाले, ज्याला स्वतःच्या डोक्यावरचा बावटा दिसत नाही, त्याला चौकी कशी द्यायची? जागा माझी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"पिवळा मीच दिला होता," मी म्हणालो. "टोकाला बांधा, उठून दिसेल, असंही मीच सांगितलं."