सोसायटीच्या होडीची बॅटरी

मी आता कामाला आहे त्या मांजरसुंब्याच्या गॅरेजात बॅटरीच्या ॲसिडचा वास आला की अजून माझं डोकं भणाणतं. त्या दुष्काळात गोदावरीचं पात्र आटून अरुंद झालं होतं, आणि वाळूच्या बोटी त्यातूनच सुसाट जायच्या. म्हणून आमच्या मच्छीमार सोसायटीच्या शिडाच्या होडीला लाल-हिरवे दिवे बसवले होते.

"बॅटरी काढ बे, दुष्काळाच्या सभेला माईक लावायचाय," सोसायटीचा चेअरमन म्हणाला. मी नट ढिले केले.

"आन् दिवे?" थोरल्या भावानं विचारलं.

"एका सांजंला काई होत न्हाई," चेअरमन म्हणाला.

त्याच सांजेला भाऊ अंधारात जाळं काढत असताना सोसायटीच्या त्या होडीवर वाळूची बोट चढली.

तिसऱ्या दिवशी चेअरमननं त्याच बॅटरीच्या माईकवरून त्याला श्रद्धांजली वाहिली. भावाचं नाव मधेच तुटू नये म्हणून सैल वायर मीच दाबून धरली होती.