तेलकट डागाच्या वर

आईच्या काखेला वास येत होता. हे वाक्य लिहावं की नाही, यावर मी बराच विचार केला. पण त्या उन्हाळ्याबद्दल काही सांगायचं तर इथूनच सुरुवात करावी लागते. आमचं सगळं घर त्या वासापासून तोंड वळवून फिरत होतं आणि बोलत मात्र कुणीच नव्हतं.

आमचं गाव धाराशिव जिल्ह्यात, वाशी तालुक्यात. मी धाराशिवला वसतिगृहात राहून शिकते. घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. परीक्षा संपवून घरी आले, तर आईचा उजवा हात छातीशी बांधलेला. गंजीवर चढून कडब्याच्या पेंढ्या ओढताना ती खांद्यावर पडली होती. वाशीला फोटो काढला, हाड मोडलेलं नव्हतं. तरी माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, तिला हाडं बसवणाऱ्या एका माणसाकडं घेऊन गेले. त्यानं अंड्यात उडदाचं पीठ कालवून खांद्यावर थापलं, वर चिंध्या गुंडाळल्या, हात अंगाशी आवळला आणि सांगितलं, "पाणी लावायचं न्हाय. हलवायचं न्हाय." घरच्यांनी ते तंतोतंत पाळलं.

ते बांधलेलं मी सोडलं. पिठाचे पोपडे पडले, त्यांना केस चिकटलेले. अंड्याचा कुजका वास एकदम नाकात गेला आणि कुठून कोण जाणे, माश्या आल्या. काखेतली कातडी लाल, ओली, मधेमधे पांढरी फुगलेली. चिंधीचा एक तुकडा तिथंच रुतून बसला होता. मी न्हाणीकडं पळाले, ओकले, चूळ भरून परत आले. आई भिंतीकडं तोंड करून बसली होती.

"तू नको करूस गं," ती म्हणाली. "सुकंल आपोआप."

सुकणार कसं? हात अंगापासून सुटतच नव्हता. इतके दिवस बांधून ठेवल्यानं खांदा पार धरला होता. साबण आत जाईना, वारा आत जाईना. मला किळस आली. त्या पिठाची, त्या चिंधीची, आणि बांधल्यापासून एकदाही उघडून न बघणाऱ्या माणसांची.

मी तिला धाराशिवच्या दवाखान्यात नेलं. एसटीत शेजारच्या बाईनं पदर नाकाला लावला आणि खिडकीकडं सरकली. आईनं ते बघितलं.

फिजिओथेरपीच्या खोलीबाहेर बाकावर बसलेले सगळे एकच विचारत होते, मशीनचा करंट कधी लावणार. आईनंही आत गेल्या गेल्या तेच विचारलं. तिथल्या मॅडम माझ्याहून फार मोठ्या नसाव्यात.

"शेक देते, मावशी. त्यानं जरा सैल पडेल," त्या म्हणाल्या. "पण हात मशीन नाही उचलणार. तो तुम्हालाच उचलायचाय."

त्यांनी आईला टेबलाला धरून वाकायला लावलं, दुखरा हात लोंबता सोडायला सांगितला आणि हळूहळू झुलवायला लावला. आईचे ओठ पांढरे पडले. पण पडल्यापासून पहिल्यांदाच हात आणि अंग यांच्यामध्ये फट दिसली. मॅडमनी तोंड वाकडं न करता त्या फटीतून बघितलं आणि आम्हाला आधी कातडीच्या डॉक्टरांकडं पाठवलं. मलम घेऊन परत आलो तेव्हा त्यांनी भिंतीवर बोटांनी चढायचं शिकवलं. मुंगी चढते तसं, बोटामागं बोट.

"इथं भरती व्हायला नको. अधूनमधून येत जा. खरं काम घरी रोज करायचं," त्या म्हणाल्या. "थोडं दुखेल. दुखतंय म्हणून हात धरून बसलात तर सांधा आणखी आखडेल. आणि हात वर गेल्याशिवाय ही जागा कोरडी राहणार नाही."

मला हुरूप आला. इतकं साधं होतं तर!

घरी आल्यावर कळलं, साधं नाही. आमचं घर दोन खोल्यांचं. आत एका बाजूला पत्रा, बाकी भिंतींना पोती आणि मांडण्या. मोकळी, चुना दिलेली भिंत एकच, ओसरीतली. आणि त्या भिंतीला टेकून तात्या दिवसभर बसतात. त्यांच्या डोक्याच्या तेलाचा भिंतीवर ताटाएवढा काळपट डाग पडलाय. शेजारी राख घातलेला डबा. त्यात ते तंबाखू थुंकतात, थोडी मिशीवर राहते, ती बोटानं पुसतात आणि बोट भिंतीला पुसतात. डब्यावर कायम माश्या. त्या माश्यांचं कधी कुणाला काही वाटलं नाही.

थोरल्या दिरासमोर आई डोक्यावरचा पदर ढळू देत नाही. पदराचं टोक उजव्या काखेत दाबून धरायची तिची लग्नापासूनची सवय. त्याच काखेत. संध्याकाळी ते टोक पिवळट, चिकट झालेलं असायचं. ते मीच धुवायचे. ती भिंतीशी उभी राहायची, बोटं चढवायची, तेलकट डागापर्यंत पोचायची, की पदर सुटायला लागायचा. हात लगेच खाली. रोज तेच. डागाच्या वर बोटं कधी गेलीच नाहीत.

तात्या भावजयीशी सरळ बोलत नाहीत. ती समोर असली तरी निरोप माझ्याकडं.

"तुझ्या आईला म्हणावं, भिंतीवर पाली धरायलीस का?"

ओसरीत बसलेले दोघंतिघं हसायचे.

"करंट लावला न्हाय, त्यो कसला दवाखाना," तात्या पुढं म्हणायचे आणि डब्यात थुंकायचे.

पुढच्या खेपेला मॅडमनी हात बघितला. फार फरक नव्हता.

"घरी करता का, मावशी?"

"करते की."

"कसं करता, दाखवा बघू."

तिथं ना दीर, ना कुणी ओळखीचं. तरी आईनं भिंतीशी जाताना आधी पदर डोक्यावर घेतला आणि टोक काखेत दाबलं. मॅडम बघतच राहिल्या.

"हे असं का?"

"घरी थोरले असत्यात," आई कसनुशी हसली.

दुसरी भिंत बघा, मॅडम म्हणाल्या.

परतीच्या गाडीत मी धीर करून म्हणाले, "रानात खुरपताना पदर कमरंला खोचतीसच की. तेव्हा तात्या बांधावर असतात."

"रान येगळं." मग ती पुन्हा म्हणाली, "रानात हात कामाला असतोय. हितं नुसता वर करायचा. लाज वाटती."



दुसऱ्या दिवशी दुपारी तात्या ओसरीत जेवायला बसले होते. आई डाव्या हातानं भाकरी वाढायला वाकली. तात्यांनी मान वळवली.

"तुझ्या आईला म्हणावं, वाढायचं तू बघ. वास येतोय. अन्न गिळंना."

तो थुंकीचा डबा त्यांच्या ताटापासून हातभर होता. एक माशी डब्यावरून उठून त्यांच्या वरणाच्या वाटीच्या काठावर बसली. तो डबा उचलून कुठं ओतावा हे मला अगदी स्पष्ट दिसलं. मी काहीच केलं नाही. नुसती उभी राहिले.

आईनं भाकरीची टोपली खाली ठेवली. डोक्यावरचा पदर काढला, काखेतलं टोक सोडवलं आणि सगळा पदर रानात खोचतात तसा कमरेला गच्च खोचला.

"तुझ्या तात्यांला म्हण, जरा सरकून बसा."

तात्यांनी ऐकलं होतंच. तरी मी म्हणाले, "तात्या, सरकून बसा." आवाज फाटला माझा.

त्यांनी एकदा तिच्याकडं बघितलं आणि नजर खाली घातली. मग ताट घेऊन सरकले. डबा तिथंच राहिला. आईनं तो पायानं बाजूला सारला आणि भिंतीला बोटं लावली. तंबाखूच्या ओघळांवरून, बोटं पुसल्याच्या रेघांवरून, तेलकट डागावरून ती चढत गेली. डागाच्या वरच्या कडेला थांबली. "आई गं" म्हणाली. मग एक बोट वर, पांढऱ्या चुन्यावर. मग दुसरं.

"वास येतोय तर सुकवायला नको व्हय," ती भिंतीला म्हणाली.

हात पूर्ण वर जायला पुढं सगळी सुट्टी गेली. मागं अंबाड्यापर्यंत तो अजून नीट पोचत नाही. तात्या पुन्हा तिथंच टेकून बसतात, डबाही जागेवर आलाय, आणि मला अजून त्याच्या शेजारून जाताना श्वास धरावा लागतो. फक्त आई भिंतीशी आली, की ते न सांगता सरकतात. डागाच्या वर आता मलमाच्या बोटांचे ठसे आहेत.

कॉलेजला परत निघायच्या सकाळी मी रोजच्यासारखी आईची पाठ आणि काख धुवायला न्हाणीशी गेले, तर तिनं साबण माझ्या हातातून घेतला आणि दार लोटून घेतलं. मी टॉवेल घेऊन बाहेर उभी.

"अजून हितंच हाईस?" आतून आवाज आला. "जा की. गाडी जाईल तुझी."

मी टॉवेल दाराच्या वरच्या कडेवर टाकला. आतून एक हात वर आला आणि तो ओढून घेऊन गेला. उजवा होता.